गालगुंडाला किती पैसे लागतात?

गालगुंड बरं करणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. आजार विषाणूचा आहे आणि बहुतेक मुलांत सात ते दहा दिवसांत आपोआप उतरतो. खर्चाचा घोळ इथूनच सुरू होतो. जे दुखणं आपसूक जाणार, त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे काही घेतलं त्याला मिळतं. मग तो शेजारणीचा लेप असो, अँटिबायोटिकची बाटली असो, नाहीतर मोबाइलवर पाहून मागवलेला चिनी काढा.

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यात राहणाऱ्यांनी आधी फुकटातलं पाहावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेत नाहीत. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शिंदखेड्याचं ग्रामीण रुग्णालय, शिरपूर आणि दोंडाईच्याची उपजिल्हा रुग्णालयं ही सगळी त्यात येतात. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याचं आहे, तिथलं शुल्क वेगळं. गालगुंडाला जे खरोखर लागतं, म्हणजे तापाचं सिरप, ओआरएसची पुडी आणि डॉक्टरची एक नजर, ते आरोग्य केंद्रात होऊन जातं.

खाजगीत गेलात तर शिरपूर किंवा धुळ्यात बालरोगतज्ज्ञांची फी साधारण दोनशे ते पाचशे रुपये. पॅरासिटामॉलचं सिरप तीस-चाळीस रुपयांना येतं, जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. बाटली घेताना त्यावरचा आकडा वाचा. ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅमची बाटली वेगळी, २५० ची वेगळी, आणि तान्ह्यांचे थेंब तर याहून कितीतरी तीव्र. एका वेळचा डोस मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला दीडशे ते सव्वादोनशे मिलिग्रॅम झाले. दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या आणि दिवसात चाराच्या वर नको. ॲस्पिरिन लहान मुलाला देऊ नका.

धुळ्याला एसटीनं जाणार असाल तर आईनं न्यावं हे हिशेबाला बरं पडतं. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, आणि मूल पाच ते बारा वर्षांचं असेल तर त्याचंही अर्धं.

औषधाहून महाग पडतो तो खाडा. एमआयडीसीत किंवा शेतावर रोजानं जाणाऱ्या घरात दिवसाचे चारशे-पाचशे बुडतात, आणि गाल सुजल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत, अंगणवाडीत पाठवायचं नसतं. त्यात संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे थोरला बरा होऊन शाळेत जायला लागला की धाकट्याचा गाल सुजायची वेळ येते. घरात दोन-तीन मुलं असतील तर पैसे आणि रजा एकाच आठवड्यात संपवून टाकू नका.

आता त्या चिनी औषधाकडे. चीनमध्ये गालगुंडासाठी बानलानगन नावाच्या मुळाचा काढा देतात, आणि गालाला त्याच जातीच्या झाडापासून निघणाऱ्या निळीचा लेप लावतात. कानाजवळच्या ठरावीक बिंदूला तेलात भिजवलेली पेटती वात क्षणभर टेकवण्याचीही पद्धत आहे. बानलानगनवर तिथल्या लोकांचा विश्वास इतका की २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा ते घेण्यासाठी दुकानांवर झुंबड उडाली होती. विश्वास असणं वेगळं, उपयोग सिद्ध होणं वेगळं. वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या जागतिक संस्थेनं गालगुंडावरच्या चिनी वनौषधींचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारा एकही प्रयोग तिला सापडला नाही. ॲक्युपंक्चरबाबत एकच सापडला, आणि त्यावरून ठाम काही सांगता येईना.

शिवाय आपल्याकडे ही औषधं आयुष पद्धतींत येत नाहीत. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधाच्या पाकिटावर परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि छापील किंमत शोधता येते. चिनी लिपीतलं पाकीट ऑनलाइन मागवलं तर आत काय आहे हे तुमच्या डॉक्टरलाही वाचता यायचं नाही, आणि तक्रार करायची तर कोणाकडे? मुलाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी हा जुगार मला पटत नाही, पाकीट पन्नास रुपयांचं असलं तरी.

ॲक्युपंक्चरचं थोडं वेगळं आहे. चीनशी आपलं वैद्यकीय नातं म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. सुया टोचण्याची विद्या भारतात आणली त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५९ च्या सुमारास. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि परिषदही आहे. तेव्हा कोणाकडे जायचंच असेल तर परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी विचारा. पण हिशेब मांडून पाहा. अशा उपचाराच्या सहसा आठ-दहा बैठका सांगतात, दर बैठकीचे काहीशे रुपये, वर प्रत्येक वेळचं जाणं-येणं आणि खाडा. आठवी बैठक येईपर्यंत गाल उतरलेलाच असतो. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी कोणी जात असेल तर जावो, गालगुंडासाठी हा पैसा वाया जातो.

चिन्यांना हसण्याआधी आपल्या घरातली फळी पाहा. रक्तचंदनाचं खोड किंवा लेपगोळी सहाणेवर उगाळून गालाला लावणं हा आपला तोच प्रकार. खर्च किरकोळ, गार लेपानं ठणका थोडा कमी वाटतो, कातडी लाल झाली नाही तर बिघडत नाही. सांबरशिंग मात्र कोणी विकायला आणलं तर घेऊ नका. वन्यजीव कायद्यानं त्याच्या व्यापाराला बंदी आहे. आणि बिब्बा लावणं साफ टाळा. गालावर फोड येतात, पुढे डाग राहतो आणि मलमपट्टीचा खर्च मूळ आजारापेक्षा मोठा होतो.

सगळ्यात जास्त पैसा बाटल्यांत आणि सुयांत जातो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरनं लिहून दिलं तर ‘हे कशासाठी?’ असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. कधी गाठीत पू झाला असेल किंवा कानात दुसरा संसर्ग असेल, तर तसं उत्तर मिळेल. साध्या गालगुंडाला रक्ततपासणी, सोनोग्राफी किंवा सलाईन लागत नाही. मूल पाणी पीत असेल तर सलाईन म्हणजे निव्वळ समजूत. चावताना, गिळताना दुखतं, म्हणून मुगाची मऊ खिचडी, वरणभात, आंबील द्या. लिंबू, चिंच, कैरी त्या आठवड्यात नको, आंबटानं लाळ सुटते आणि सुजलेली गाठ कळा देते.

मात्र काही वेळी पैशाचा विचार न करता निघावं लागतं. डोकं फार दुखून उलट्या, मान ताठ, सुस्ती, झटका, पोटात जोराचं दुखणं, एका कानानं ऐकू न येणं, किंवा वयात आलेल्या मुलाच्या अंडकोषाला सूज. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. मुलाला दाखल करावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

पैसा घालायचाच तर लसीवर घाला. सरकारी लसीकरणात नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत फुकट मिळते ती गोवर-रुबेलाची लस. गालगुंडाचा भाग तिच्यात नाही. तो हवा तर एमएमआर ही लस खाजगीत घ्यावी लागते. देशी बनावटीची साधारण दोन-तीनशेला पडते, परदेशी कंपनीची त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि टोचायची फी वेगळी. गालगुंडाचा भाग दोन्हींत आहे, त्यामुळे महागडी घ्यायला कोणी भरीस पाडलं तर कारण विचारा. किंमत पाकिटावरून वाचा, लस फ्रीजमधून आपल्यासमोर काढायला सांगा, आणि आरोग्य केंद्राचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. आधीचे डोस पाहून पुढचे किती आणि किती अंतरानं ते डॉक्टर ठरवतील. घरात गालगुंड आल्यावर घाईनं टोचली तर या खेपेला ती वाचवेलच असं नाही, धाकट्याला पुढच्या साथीला उपयोगी पडेल.