ट्रॉलीची चढण व ट्रॅक्टरचें तेल

नाशिककडील द्राक्षबागांतून लहान ट्रॅक्टर आतां घरोघरचे झाले आहेत. त्यांस डंपिंग ट्रॉली जोडतांना ती किती वजन उचलील हें सर्व विचारतात. ती किती तेल घेईल हें बहुधा कोणी विचारीत नाहीं.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच पंडिताचा सिद्धांत आपण शिकलों आहोंच. ट्रॅक्टरचा पंप तेल दाबून नळकांड्यांत पाठवितो व तें दट्ट्याला वर रेटतें. त्यास लागणारें तेल, दट्ट्याचें क्षेत्रफळ व त्याची चाल यांच्या गुणाकाराइतकें असतें.

समजा, नळकांड्याचा आंतील व्यास ८ सें. मी. व चाल ८० सें. मी. आहे. क्षेत्रफळ ३.१४ × ४ × ४ = सुमारें ५० चौ. सें. मी.; तें ८० नें गुणिलें असतां ४,००० घन सें. मी., म्हणजे ४ लिटर. ट्रॉली स्वतःच्या भारानेंच खालीं येत असल्यामुळें तिच्या नळकांड्यांत तेल एकाच बाजूस असतें. सबब ती पूर्ण वर गेली कीं हे चारही लिटर ट्रॅक्टरमधून कमी झालेले असतात.

पुढें जोडावयाच्या लोडरचें तसें नाहीं. त्याच्या दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस तेल असतें. एकीकडे शिरलें कीं दुसरीकडचें परत येतें. वरील मापाच्याच नळकांड्याचा दांडा ४ सें. मी. जाडीचा धरल्यास तूट केवळ दांड्याच्या आकारमानाइतकी, म्हणजे सुमारें १ लिटर येते. (विद्यार्थिमित्रांनीं हें स्वतः करून पाहावें.) रिकामें नळकांडें पहिल्यानें भरतांना मात्र दांड्याच्या बाजूस ३ लिटर व रबरी नळ्यांत आणखी थोडें तेल अडकून राहतें, तेवढी भर घालावीच लागते.

पुष्कळशा लहान ट्रॅक्टरांत गिअर व पंप यांचें तेल एकच असतें. पातळी फार उतरली कीं पंप हवा ओढतो, तेलास फेस येतो, ट्रॉली धक्के खात चढते. पंप झिजतो तो झिजतोच, गिअरांसही तेल अपुरें पडतें.

तेल पाहतांना ट्रॉली खालीं, इंजिन बंद व जमीन सपाट असावी. ट्रॉली वर असतांना तेल भरून पातळी पुरी केली, तर ती उतरतांच तेच ४ लिटर परत येऊन तेल बाहेर सांडेल. ट्रॅक्टरमधून बाहेर घेतां येणाऱ्या तेलाचें माप त्याच्या पुस्तिकेंत पाहावें. ट्रॉलीची गरज त्याहून अधिक निघाल्यास लहान नळकांड्याची, किंवा स्वतःची टाकी व पंप असलेली ट्रॉली घ्यावी.