उरलेल्या अन्नाविषयी एक पाठ



सोयाबीनची सोंगणी आटोपली आणि तूर शेंगांनी लवली, म्हणजे आपल्या भागात जेवणावळींचे दिवस लागतात. प्रथम मंडळीचा उपकारस्तुतीचा सण, मग नाताळ, आणि पुढे उन्हाळा तापेपर्यंत लग्ने. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहाही तालुक्यांत अशा दिवसांत एक गाव असे नसेल की जेथे मांडव पडला नाही. पंगतीत काय वाढले ह्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु पंगत उठल्यावर मांडवामागे काय पडून राहिले, हे पाहावयास कोणी जात नाही. आज आपण तेच पाहावयास जाऊ. शिक्षकबंधूंनी हा पाठ मंडळीत वाचावा आणि शेवटचे प्रश्न विचारून त्यावर बोलणे करावे.

आमच्या हातून घडलेली चूक

दुसऱ्यास शिकविण्यापूर्वी आपली चूक सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी ह्याच जिल्ह्यातील एका गावी आम्ही सणाच्या उपासनेस गेलो होतो. अडीचशे माणसांचा स्वयंपाक झाला होता, पण सकाळपासून पावसाची झड लागल्यामुळे बाहेरगावची मंडळी आली नाही. दोन वाजता जेवणे आटोपली, तरी भाताचे पातेले अर्धे भरलेले होते. त्याकडे पाहण्याऐवजी आम्ही गायने व भाषणे चालू ठेवली. दिवेलागणीस अन्नाची आठवण झाली. तेव्हा भात, वरण, भाजी आणि पत्रावळींवर तशाच राहिलेल्या पोळ्या, हे सर्व एकत्र डब्यांत भरून आम्ही गावकुसाबाहेरच्या घरांकडे धाडून दिले, आणि आपण धर्म केला अशा समाधानाने निजावयास गेलो.

एका वृद्ध बाईने डबा परत पाठविला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या दाराशी गेलो तेव्हा ती म्हणाली, “पाळकसाहेब, माही आजी गावात शिळं-उष्टं मांगाले जाये. माह्या बापानं ते सोडलं. आता तेच तुमी घरपोच धाडता काय?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. ज्या दोन घरांनी तो भात घेतला होता, त्यांतील लेकरांना पहाटे वांत्या झाल्या होत्या हेही तेथेच कळले. देवकृपेने ती बरी झाली. एकाच डब्यात आम्ही दोन अपराध भरले होते: एक माणसाच्या मानाचा आणि दुसरा माणसाच्या शरीराचा.

चार शब्दांतील भेद

आपल्या भाषेत ह्या विषयाचे चार शब्द आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच घोटाळा होतो. उरलेले म्हणजे जे पातेल्यात आहे, ज्यास खाणाऱ्याचा हात लागला नाही. उष्टे म्हणजे जे कोणाच्या ताटातून परत आले. शिळे म्हणजे ज्यावर वेळ गेला. आणि नासलेले म्हणजे जे कोणीच खाऊ नये. उरलेले अन्न वेळीच दिले तर ते अन्नच आहे. उष्टे दुसऱ्या माणसास कधीही देऊ नये. शिळ्यातील काही चालते व काही चालत नाही, ते पुढे सांगू. नासलेल्याचे खत करावे.

उष्ट्याची गोष्ट आपल्यांपैकी पुष्कळांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. गावकीच्या जुन्या रीतीत काही जातींना कामाच्या मोबदल्यात शिळे-उष्टे मिळे, आणि ते मिळणे हा हक्क आहे असे सांगून त्यांचा मान हिरावून घेतला जाई. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचे मांस व टाकलेले शिळे-उष्टे तुकडे खाण्याचे सोडावे असे निक्षून सांगितले. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक असते. त्याच परिषदेतील ही अन्नाची गोष्टही तितकीच मोठी आहे. त्या म्हाताऱ्या बाईच्या बापाने जे सोडले, ते भूक नव्हती म्हणून सोडले नाही. भूक असूनही सोडले. अशा घरी आपण उष्टे धाडले तर ते दान होत नाही, ते जुने जोखड पुन्हा त्यांच्या मानेवर ठेवणे होते.

शास्त्र काय शिकविते

ह्या विषयावर बहुधा योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. जवाच्या पाच भाकरींनी लोक तृप्त झाल्यावर, काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. ज्याच्या हाती भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते, त्यानेही तुकडा टाकू दिला नाही. आणि ज्यांनी वाढले त्यांनीच गोळा केले. ते काम दुसऱ्या कोणावर लोटले नाही. ते तुकडे वाटण्यासाठी मोडलेल्या भाकरीचे होते, कोणाच्या तोंडचे नव्हते, असा अर्थ आम्ही घेतो.

परंतु त्याहून जवळचा धडा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेताच्या कडा कापू नयेत व सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा, असे तेथे सांगितले आहे. सरवा हा शब्द आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. विचार करा: सरवा हे धन्याच्या जेवणानंतरचे उरलेले नव्हे. धन्याने एक घास घेण्यापूर्वीच तो शेतात राखून ठेवलेला असतो, आणि गरीब मनुष्य स्वतःच्या हाताने तो वेचून नेतो. म्हणजे त्याचा वाटा शेवटचा नसून पहिला आहे. आमच्या चुकीचे मूळ आम्हांस येथे सापडले. आम्ही गरिबाचा वाटा शेवटी काढला.

शास्त्रातील आणखी दोन गोष्टी जोडून वाचाव्या. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठविला आणि त्यावर देश जगला. उलट, रानात इस्राएल लोकांनी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. एकाने साठविले तर ते शहाणपण, आणि दुसऱ्यांनी साठविले तर नासाडी, असे का? प्रत्येक देणगीचा काळ वेगळा असतो. धान्य साठवावे, शिजविलेले त्याच दिवशी वाटावे.

शिजलेले अन्न किती वेळ टिकते

आता शरीराच्या अपराधाविषयी. तांदळात एक प्रकारच्या सूक्ष्म जंतूंची बीजे असतात, ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट स्थितीत पडून राहिला म्हणजे ती बीजे रुजतात, जंतू वाढतात व विष तयार करतात. हे विष पुन्हा तापविल्याने जात नाही. म्हणून “चांगले गरम करून खा म्हणजे झाले” ही समजूत खोटी आहे. वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा नाकातोंडातून अन्नात जाणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या जंतूंचेही विष असेच चिवट असते. वासाने किंवा चवीने ते कळतेच असे नाही.

जंतू पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतच्या उष्णतेत वाढतात. आपल्याकडील हवा बारमाही ह्याच मर्यादेत असते. म्हणून अन्न एक तर वाफा निघतील असे गरम ठेवावे, नाही तर शीतकपाटात थंड ठेवावे. मधली स्थिती धोक्याची. चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत उरलेल्याची व्यवस्था लावावी. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. भात, वरण, मटण, दुधाचे पदार्थ ह्यांस सर्वांत जास्त जपावे. कोरडी भाकर, चटणी, लोणचे हे अधिक टिकतात. म्हणूनच आपल्या आयाबायांनी शिळ्या भाकरीचे कुटके करून फोडणीस टाकण्याची रीत ठेवली, पण शिळ्या वरणाची तशी रीत ठेवली नाही.

२०१९ साली अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याने उरलेले अन्न गोळा करून वाटण्याविषयी नियम केले. त्यांचाही आशय हाच की, जे खाण्यास सुरक्षित व न वापरलेले आहे तेच वाटावे. गरीब म्हणून त्यास वेगळे माप नाही. जे आपण आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराकडे धाडू नये.

पंगतीपूर्वीच करावयाची कामे

कच्चे उरले तर ते धान्य असते, शिजलेले उरले तर ते ओझे होते. एक किलो तांदळाचा भात शिजून अडीच ते तीन किलो भरतो. म्हणून चार किलो तांदूळ जास्त पडला तर दहा किलो भात अंगावर येतो. सर्व स्वयंपाक एकदम न करता दोन वेळा करावा: आधी दोनतृतीयांश, आणि लोक किती आले ते पाहून बाकीचा. पीठ एकदम भिजवू नये. पंगतीत थोडे वाढावे व पुन्हा विचारावे. आग्रह करून पत्रावळ भरणे ह्यास आपण आदर म्हणतो, पण पोटापेक्षा जास्त वाढलेला प्रत्येक घास उष्टा होणार हे ठरलेलेच असते.

आणि सर्वांत मुख्य काम हे: पहिली पंगत बसण्यापूर्वी स्वच्छ, झाकणाच्या भांड्यांत वाटा काढावा. आजारी, म्हातारे, एकटे, बाहेरगावाहून सोंगणीस आलेले मजूर, जे येऊ शकत नाहीत त्यांचा. हा वाटा पंगतीच्या वेळीच पोचवावा, आणि पोचविणाऱ्याने “आमच्या सणात तुमचे हे ताट” असे म्हणून द्यावे. जे येऊ शकतात त्यांना डबा धाडू नये. त्यांना पंगतीत बोलवावे.

असे चालते ह्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या मराठवाड्यात आहे. औरंगाबाद शहरात, ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, २०१५ च्या डिसेंबरात युसूफ मुकाती ह्यांनी हारून मुकाती इस्लामिक सेंटरमध्ये ‘रोटी बँक’ उघडली. लोकांनी घरच्या ताज्या पोळ्या व भाजी तेथे आणून ठेवावी आणि गरजूने येऊन न्यावी, अशी ती योजना होती. धर्म वेगळा असला तरी शहाणपण कोठूनही घ्यावे. मुंबईच्या डबेवाल्यांनीही त्याच सुमारास अशीच रोटी बँक चालू करून समारंभांतील उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले.

जनावरे व उकिरडा

उष्टे व नासलेले काय करावे? पुष्कळ लोक सर्व जनावरांपुढे ओततात. येथेही सावध असावे. भात, पोळ्या व गोड पदार्थ गाईबैलांनी एकदम पुष्कळ खाल्ले तर पोटात आंबट होऊन जनावर दगावते. थोडे, आणि कडब्याबरोबर द्यावे. नासलेले मुळीच देऊ नये. प्लास्टिकचे पेले व द्रोण त्यात जाऊ देऊ नयेत, कारण ते जनावराच्या पोटात साचून राहतात.

बाकीचे मातीस द्यावे. खताची सुधारलेली रीत शोधणारे ना. दे. पांढरीपांडे हे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे. त्यांच्याच नावावरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे भोकांचे विटांचे टाके बांधून त्यात काडीकचरा, शेण व माती ह्यांचे थर देतात, आणि तीन-चार महिन्यांत खत होते. मंडळीच्या आवारात असे एक टाके असले तर सणाचे उष्टे पुढल्या वर्षी शेतात उगवेल.

जगाची स्थिती

ही केवळ आपल्या मांडवाची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे साठ टक्के घरांतून गेले. हॉटेले व दुकाने ह्यांचा वाटा त्याहून कमी. आपल्या गावातील वृद्धांस १९७२ चा दुष्काळ आठवत असेल; दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि परदेशाहून आलेली तांबडी मिलो त्यांनी खाल्ली आहे. त्यांना जवळ बसवून मुलांस ते ऐकवावे. ज्याने मिलोची भाकर खाल्ली, तो ज्वारीची भाकर टाकीत नाही.

त्या वृद्ध बाईकडे आम्ही पुढल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी गेलो आणि पंगतीस येण्याची विनंती केली. ती आली, पहिल्या पंगतीत बसली, आणि जेवून उठल्यावर वाढावयास उभी राहिली. त्या दिवशी उरले ते फार थोडे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. उरलेले, उष्टे, शिळे व नासलेले ह्यांत भेद काय? प्रत्येकाचे काय करावे?

२. सरवा गरिबास केव्हा मिळतो, धन्याच्या जेवणापूर्वी की नंतर? ह्यावरून आपल्या सणात काय बदलावे?

३. उरलेला भात पुन्हा तापविला तरी तो अपायकारक का असू शकतो?

४. आपल्या गावात पंगतीस कोण येऊ शकत नाही? त्यांची नावे आजच लिहून ठेवा.

५. ज्यांना आपण डबा धाडतो, त्यांतील कोणास पंगतीत बोलाविता येईल?