शोधयंत्र, शासकीय दस्तऐवज आणि नोकरीचा शोध

एखाद्या तालुक्याचे बालविकास प्रकल्प कार्यालय अंगणवाडी मदतनिसांच्या रिक्त जागांची जाहिरात काढते. जाहिरात संगणकावर मराठीत टंकलिखित होते, कागदावर छापली जाते, तीवर अधिकाऱ्यांची स्वाक्षरी व कार्यालयाची मोहोर उमटते. नंतर त्या कागदाचे स्कॅनिंग करून तयार झालेली फाइल संकेतस्थळावर ठेवली जाते. कार्यालयाच्या दृष्टीने प्रसिद्धीचे काम येथे पूर्ण झालेले असते. त्याच तालुक्यातील एका वाडीवरची तरुणी आपल्या मोबाईलवर ‘अंगणवाडी मदतनीस’ हे शब्द व तालुक्याचे नाव लिहून शोध घेते. तिला इतर जिल्ह्यांतील जुन्या जाहिराती दिसतात, खाजगी मंडळींची पाने दिसतात. स्वतःच्या गावची जाहिरात मात्र दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी ती कळते, तेव्हा अर्जाची मुदत संपलेली असते.

हे उदाहरण कल्पित असले, तरी असा प्रसंग कोठेही घडू शकेल. जाहिरात प्रसिद्ध होणे आणि ती गरजवंताला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर का पडते आणि ते कोणत्या साध्या उपायांनी मिटविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रिक्त जागांची सूचना : पूर्वी आणि आता

रिक्त जागेची माहिती उमेदवारापर्यंत पोहोचली पाहिजे, हे तत्त्व नवे नाही. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळविणे सक्तीचे करणारा अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला. त्या काळी सेवायोजन कार्यालयातील नोंदणी कार्डे हीच उमेदवारांची सूची होती. २०१५ मध्ये केंद्र शासनाने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ सुरू केले, तर राज्यात ‘महास्वयंम्’च्या द्वारे रोजगारविषयक नोंदणीची सोय झाली. तथापि, आजचा तरुण बहुधा प्रथम शोधयंत्राकडेच वळतो. त्यामुळे आपली जाहिरात शोधयंत्राच्या सूचीत कशी नोंदली जाते, हे जाणून घेणे जाहिरात काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयास अगत्याचे झाले आहे.

शोधयंत्राची सूची म्हणजे काय ?

शोध घेतेवेळी शोधयंत्र जगातील सर्व पाने धुंडाळीत नाही. ते काम त्याने आधीच करून ठेवलेले असते. त्याचे स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतात, सापडलेला मजकूर वाचतात आणि प्रत्येक शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, याची सूची तयार करतात. ग्रंथाच्या शेवटी शब्द व पृष्ठांक देणारी सूची असते, तसाच हा प्रकार होय. ज्या फाइलीतील शब्द वाचता आले नाहीत, तिची त्या शब्दांखाली नोंद होत नाही. ज्या फाइलीकडे नेणारा एकही दुवा नाही, तिच्यापर्यंत हे कार्यक्रम सहसा पोहोचतच नाहीत.

अशा सूचीचा आरंभ अगदी साधा होता. १९९० मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ ही शोधप्रणाली तयार केली. ती संगणकांवरील फाइलींच्या केवळ नावांची सूची ठेवीत असे. फाइलीच्या आत काय आहे, हे तिला कळत नसे. पुढे वेबपानांतील संपूर्ण मजकुराची सूची होऊ लागली. गूगलने २००१ मध्ये पीडीएफ फाइलींचा व त्याच वर्षी वर्ड, एक्सेल आदी प्रकारच्या फाइलींचाही आपल्या सूचीत समावेश केला. शासकीय पत्रके व जाहिराती प्रामुख्याने पीडीएफ स्वरूपातच असल्यामुळे ही सोय त्यांच्या दृष्टीने मोलाची ठरली.

फाइलीच्या अंतरंगात

पीडीएफ फाइल बाहेरून सारखीच दिसत असली, तरी तिचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात अक्षरे ही अक्षरे म्हणूनच साठविलेली असतात. दुसऱ्या प्रकारात कागदाचे केवळ छायाचित्र असते. माणसाच्या डोळ्यास दोन्हींत फरक जाणवत नाही. शोधयंत्राला मात्र दुसरी फाइल हे एक चित्र असते.

चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र उपलब्ध आहे व गूगलने २००८ मध्ये स्कॅन केलेल्या दस्तऐवजांसाठी त्याचा वापर सुरू केल्याचे जाहीर केले. परंतु त्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. कागद तिरपा ठेवलेला असेल, छपाई पुसट असेल, मोहोर अक्षरांवर आली असेल किंवा गावांची नावे बारीक रकान्यांत असतील, तर ओळख चुकते. नेमके गावाचे वा पदाचे नाव चुकले, तर जाहिरात सूचीत असूनही हरवते. अक्षरे ओळखताच आली नाहीत, तर शोधयंत्राच्या हाती फाइलीचे नाव व तिच्याकडे नेणाऱ्या दुव्याचे शब्द एवढेच उरते. ते नाव ‘स्कॅन ००१२’ व दुव्यावरील शब्द ‘येथे पहा’ असतील, तर १९९० मधील ‘आर्ची’पेक्षा अधिक काही हाती लागत नाही.

मराठीचे विशेष प्रश्न

मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत आणखी काही अडचणी उद्भवतात. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते, पण संगणकात रोमन अक्षराचा संकेत साठविला जातो. अशी फाइल शोधयंत्र वाचते तेव्हा त्याला अर्थहीन रोमन अक्षरे मिळतात. यावरील उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा त्यात समावेश असून प्रत्येक वर्णास स्वतंत्र संकेत आहे.

युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पीडीएफ करतानाही काळजी घ्यावी लागते. पीडीएफमध्ये अक्षराकृती दिसतील त्या क्रमाने मांडल्या जातात. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण दिसते त्याच्या आधी. फाइल तयार करणारी प्रणाली सदोष असल्यास ‘शिक्षक’ या शब्दातील वेलांटी सुटी होऊन आधी जाते, जोडाक्षरे तुटतात आणि शोधयंत्राला तो शब्द ओळखता येत नाही. ‘नोकऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ्य दोन भिन्न रीतींनी टंकलिखित होऊ शकतो. डोळ्यास शब्द एकच दिसला, तरी साठविलेले संकेत वेगळे असतात.

शब्दांच्या रूपांचाही विचार करावयास हवा. ‘शिक्षक’, ‘शिक्षकांची’ व ‘शिक्षकपदासाठी’ ही रूपे वाचकास एकाच शब्दाची वाटतात; यंत्राला ती नेहमीच तशी वाटतील असे नाही. ‘सहायक’ व ‘सहाय्यक’ अशी दोन लेखने प्रचारात आहेत. कार्यालय ‘सरळसेवा पदभरती’ म्हणते, तर उमेदवार ‘नोकरी’, ‘जागा’ किंवा ‘भरती’ असे शोधतो. म्हणून जाहिरातीच्या शीर्षकात पदाचे मूळ रूपातील नाव, तालुका, जिल्हा, वर्ष व ‘भरती’ हा प्रचलित शब्द असणे इष्ट होय.

कार्यालयांनी काय करावे ?

फाइल शोधयोग्य आहे की नाही, याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. फाइल उघडून तीतील एक ओळ निवडावी, तिची प्रत घ्यावी व ती दुसऱ्या कोऱ्या पानावर उतरवावी. ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल चित्र आहे. उतरलेली अक्षरे अगम्य वा तुटक असतील, तर फॉन्ट किंवा रूपांतर सदोष आहे. ओळ जशीच्या तशी उतरली, तर फाइल योग्य आहे.

स्वाक्षरीसाठी स्कॅनिंग करावे लागते, असे सांगण्यात येते. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली आहे. राज्याचे शासन निर्णय अंकीय स्वाक्षरीने साक्षांकित करून व संकेतांक देऊन प्रसिद्ध होतात, हा आदर्श तालुका पातळीवरही अनुसरण्याजोगा आहे. ते शक्य नसेल तेथे स्कॅन केलेल्या प्रतीसोबत मूळ टंकलिखित फाइलही ठेवावी. जाहिरातीचा गोषवारा, म्हणजे पद, जागा, पात्रता, गाव व अंतिम दिनांक, संकेतस्थळाच्या पानावरच मजकूर म्हणून द्यावा. फाइलीस अर्थपूर्ण नाव द्यावे व दुव्यावर जाहिरातीचे पूर्ण शीर्षक लिहावे.

यामागे केवळ सोयीचा विचार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून, माहिती मिळविणे सुलभ होईल अशा रीतीने ठेवणे अपेक्षित आहे. शिवाय मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणक प्रणालीवर अवलंबून असलेल्या अंध उमेदवारासही स्कॅन केलेले चित्र निरुपयोगी ठरते.

सापडावे ते, आणि सापडू नये ते

सूचीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. निवड याद्यांमध्ये उमेदवारांचे भ्रमणध्वनी क्रमांक, आधार क्रमांक किंवा पत्ते दिल्यास तेही सूचीत जातात व कोणासही सापडतात. मूळ फाइल काढून टाकल्यावरही तिच्या प्रती अन्यत्र उरू शकतात. म्हणून यादीत निवडीसाठी आवश्यक तेवढाच तपशील द्यावा. जाहिरातीची मुदत संपल्यावर तसा स्पष्ट उल्लेख पानावर करावा, म्हणजे जुन्या जाहिरातीने कोणाची दिशाभूल होणार नाही.

उमेदवारांना मार्गदर्शन

शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामपंचायत सदस्य यांना तरुणांना काही गोष्टी सहज शिकविता येतील. शोधशब्दांपुढे रोमन लिपीत ‘फाइलटाइप’, त्यास जोडून अपूर्णविराम व लगेच ‘पीडीएफ’ असे लिहिल्यास गूगलवर केवळ पीडीएफ फाइली दिसतात. त्याच रीतीने ‘साइट’, अपूर्णविराम व ‘जीओव्ही.इन’ असे लिहिल्यास शोध त्या शासकीय संकेतस्थळांपुरता मर्यादित होतो. पदाचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिल्यास नेमका तोच शब्दसमूह शोधला जातो. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही शब्दांनी शोध घ्यावा.

जाहिरात सापडल्यावर ती मूळ कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे काय, तिचा दिनांक व अंतिम मुदत कोणती, हे प्रथम पाहावे. नोकरी देण्याचे आश्वासन देऊन एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे भरण्यास सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. नवी फाइल सूचीत येण्यास वेळ लागू शकतो; म्हणून जिल्हा परिषद व संबंधित विभागाचे संकेतस्थळ ठरावीक दिवशी स्वतः उघडून पाहणे श्रेयस्कर.

हाच नियम उमेदवाराच्या स्वतःच्या माहितीपत्रकासही लागू पडतो. अनेक मोठ्या आस्थापना आलेले अर्ज प्रथम संगणकाकडून वाचून घेतात. माहितीपत्रकाचे छायाचित्र पाठविल्यास त्यातील शिक्षण व अनुभव यंत्राच्या नजरेतून सुटू शकतात. ते टंकलिखित असावे, मांडणी साधी असावी व फाइलीस स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्यावे.

गावातील सूचनाफलकाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ज्या घरी मोबाईल नाही, तेथे फलक व दवंडी हेच साधन राहील. परंतु शिक्षणासाठी किंवा कामासाठी गावाबाहेर गेलेल्या तरुणास गावचा फलक दिसत नाही; त्याच्यासाठी शोधयंत्राची सूची हाच फलक होय. जाहिरात संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी तीतील एक ओळ उतरवून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. तेवढी दक्षता न घेतल्यास एखाद्या पात्र उमेदवाराची संधी हुकते, याची जाणीव प्रत्येक कार्यालयाने ठेवणे आवश्यक आहे.