पिनकोड आणि आजीचे कार्ड

माझी आजी इंदापूरला मामाकडे राहते. आमचे गाव बारामती तालुक्यात आहे. बारामती ते इंदापूर सुमारे 50 किलोमीटर. पण उसाचा हंगाम लागला की बाबा रात्रंदिवस ट्रॅक्टरवर असतात. आईला गायींच्या धारा टाकून कुठे जाता येत नाही.

दिवाळीनंतर आजीच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात उचलेना, बोलता येईना. मामा फोन लावून तिच्या कानाला धरतो. आई "आये, आये" म्हणते आणि तिकडून नुसता हुंदका येतो. मग आई पण रडते. पुढे पुढे तर ती फोन करायलाच भिऊ लागली.

तेव्हाच वर्गात पत्रलेखन चालू होते. गुरुजींनी पोस्टकार्ड दाखवले. आपल्या देशात ते 1879 साली सुरू झाले. तेव्हा पाव आण्याला मिळायचे. मला 50 पैशांना मिळाले. सुट्टे नव्हते म्हणून रुपयाची दोन घेतली. आजी दुसरी शिकलेली आहे, म्हणून अक्षर मोठे काढले. "ती. आजीस शि. सा. नमस्कार. तांबडी गाय व्याली. कालवड झाली. तिच्या कपाळावर चांद आहे. नाव तू ठेव."

मजकूर बरोबर, पण पत्ता चुकला. पिनकोड मला ठाऊक नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकावर पुणे 411004 छापलेले असते. आपला जिल्हा पुणेच, म्हणून मी तोच लिहिला. कार्ड बाराव्या दिवशी पोचले. पोस्टमनकाका म्हणाले, "तुझं कार्ड पुणं बघून आलं असंल!"

मग गुरुजींनी पिनकोड समजावला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केला व 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. त्यात सहा आकडे असतात. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा पहिला आकडा 4. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा जिल्हा कळतो, शेवटच्या तिनांवरून पोस्ट. पुणे शहराचे 411. पण बारामती 413102, इंदापूर 413106 आणि सोलापूर 413001! म्हणजे आपण पुणे जिल्ह्यातले, पण टपालात सोलापूरच्या पंगतीला. बाबांना हे खरेच वाटेना. मी त्यांना बँकेच्या पुस्तकावरचा पत्ता दाखवला.

दुसरे कार्ड 413106 लिहून टाकले. ते तिसऱ्या दिवशी पोचले.

परवा मामाचे कार्ड आले. खाली पेन्सिलीने वेडेवाकडे "चांदी" लिहिले होते. पहिलीतल्या मुलासारखे अक्षर. मामाने लिहिले होते, आईने हे डाव्या हाताने काढले, अर्धा तास लागला.

आईने कार्ड तीनदा वाचले. मग मला म्हणली, "इंदापूरची पहिली एस.टी. कितीला हाय रं?"

रविवारी सकाळच्या धारा मी आणि बाबा काढणार आहोत.

— इयत्ता 4 थी