दुसरा आकडा

चि. मृणाल,


तुझ्या प्रोजेक्टचा आराखडा वाचला. मोटर, टॉर्क सेन्सर, टच स्क्रीन, सगळं नीट मांडलंयस. पण मशीन नेमकं काय मोजणार, हे शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलंस. ते पहिल्या पानावर आण.

साइटवर काँक्रीटची गाडी आली की ३०० मिमी उंचीचा कोन भरतात, प्रत्येक थराला दांडीचे २५ ठोके देतात, कोन सरळ वर उचलतात आणि माल किती बसला, म्हणजे स्लम्प, ते मोजतात. त्यातून माल कुठे थांबतो एवढंच कळतं. वाहताना किती आढेवेढे घेतो ते कळत नाही. श्रीखंड चमच्यावर उभं राहतं. काकवी उभी राहत नाही, पण ओघळायला वेळ घेते. ताज्या काँक्रीटमध्ये हे दोन्ही गुण असतात, म्हणून आकडेही दोन हवेत. इंग्लंडमध्ये टॅटरसॉल यांनी १९७० च्या दशकात हेच ठासून मांडलं, आणि त्यांचे सुरुवातीचे प्रयोग चक्क खाद्यपदार्थ घोटायच्या मिक्सरवर झाले! आपल्याकडे दगड फोडून केलेली क्रश सँड आल्यापासून तर हा रोजचा अनुभव आहे. स्लम्प दोन्ही गाड्यांचा १५० मिमी, पण एक सहज पंप होते आणि दुसरीला पंपाचा दाब चढत जातो.

महागड्या यंत्रानं हा प्रश्न आपोआप सुटेल असं समजू नकोस. २००० साली फ्रान्समध्ये नांतला काँक्रीटचं वाहणं मोजणारी पाच यंत्रं, म्हणजे रिओमीटर, एकाच वेळी तपासली गेली. मिश्रणांचा क्रम बहुतांशी जुळला, आकडे मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

म्हणून कियारा फेरारिस आणि फ्रांस्वा द लारार यांनी १९९८ साली स्लम्पच्या चाचणीत सुचवलेला बदल आधी करून बघ. तळाच्या प्लेटवर मधोमध एक उभी दांडी आणि तिच्यावर सरकणारी चकती. कोन उचलला की चकती मालाबरोबर उतरते आणि १०० मिमी खाली येऊन अडते. त्याला लागलेला वेळ हा तुझा दुसरा आकडा. घट्ट मालाला ही चाचणी चालत नाही, चकती तिथवर पोचतच नाही. आणि पातळ माल इतक्या झटकन उतरतो की स्टॉपवॉचवरच्या बोटाची दिरंगाईच मोजली जाते. सेन्सर खरा हवा तो इथे: कोन सुटल्याची आणि चकती अडल्याची वेळ टिपायला. दांडी आणि चकतीच्या फटीत सिमेंटचा रबडा शिरून चकती अडखळते. तिथल्या सीलवर तुझा सगळ्यात जास्त वेळ जाऊ दे. आणि चाचणी एकटीनं करू नकोस. लॅबमधल्या मदतनिसाच्या हातूनही करून घे, ओल्या हातमोज्यांसकट. त्याला जमलं नाही तर रचना बदलायची, त्याला बोल लावायचा नाही.

सुरुवातीला दोनच मिश्रणं घे, एकात नदीची वाळू, दुसऱ्यात क्रश सँड, आणि स्लम्प सारखा येईल असं पाणी व ॲडमिक्श्चर जुळव. वेळेत फरक पडला तर लगेच फोन कर. नाही पडला, तर आधी चकती धुऊन पुन्हा बघ.

तुझा,
मामा