नगरपालिकेचे कर्ज कोण फेडतो?

महाबळेश्वरला वर जाताना नाक्यावर गाडी थांबते. नगरपालिकेचा माणूस पुढे येतो, माणशी पैसे घेतो आणि पावती फाडतो. हा झाला प्रवासी कर. जे तिथेच राहतात त्यांना घरपट्टी असते, पाणीपट्टी असते. या पैशांतून दिवे लागतात, गटारे साफ होतात, नळाला पाणी येते. तुमच्या ग्रामपंचायतीतही असेच चालते. रक्कम तेवढी लहान.

पण एखादे मोठे काम निघाले, नळयोजना म्हणा, की वर्षाची पट्टी पुरत नाही. मग नगरपालिका कर्ज काढते. हे कर्ज अध्यक्षाच्या नावावर नसते. अध्यक्ष पाच वर्षांनी जातो, सभासद जातात. कर्ज मात्र गावाच्या डोक्यावर राहते. ज्यांनी कागदावर सही केली, ते पुष्कळदा फेडायच्या वेळी जागेवर नसतात. ही गोष्ट नीट ध्यानात धरा, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातूनच निघते.

आता समजा, हप्ते थकले. शेतकऱ्याचे कर्ज थकले तर जमिनीवर बोजा चढतो, जप्ती येते. नगरपालिकेचे काय जप्त करणार? रस्ता उचलून नेणार? गटाराचा लिलाव करणार? वेण्णा तलाव सावकाराला दिला तर गावाने पाणी कुठले प्यायचे? ज्या वस्तू सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत त्या विकून कर्ज वसूल करणे बरे नव्हे, असे कोर्टेही मानत आली आहेत. मग सावकाराला एकच वाट उरते. नगरपालिकेने कर बसवावा आणि त्यातून पैसे द्यावेत. म्हणजे फिरून फिरून गोष्ट येते ती तुमच्या-आमच्या खिशाशी!

या प्रश्नावर सगळ्यांत मोठी भांडणे झाली ती अमेरिकेत. शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी हकिकत आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

तिथे त्या वेळी रेल्वेचे वेड लागले होते. प्रत्येक गावाला वाटे, गाडी आपल्या दारावरून जावी. गावांनी रेल्वे कंपन्यांना मदत म्हणून कर्जरोखे काढले. कर्जरोखा म्हणजे अमुक सालापर्यंत इतके पैसे व्याजासह देऊ, अशी छापील हमी. लोकांनी ते विकत घेतले. क्विन्सी नावाच्या शहरानेही असेच केले. पुढे व्याज थकले. तेवढ्यात १८६३ साली त्या राज्याने कायदा केला, की शहराने शंभर डॉलरच्या मालमत्तेवर पन्नास सेंटपेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. शहर म्हणाले, ‘एवढ्या करात आमचाच खर्च भागत नाही, तुमचे कुठून देणार?’

रोखेवाला कोर्टात गेला. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत पोचले. १८६७ साली निकाल लागला. कोर्टाने म्हटले, कर्ज घेताना कर बसवायचा अधिकार तुमच्यापाशी होता. त्याच भरवशावर लोकांनी पैसे दिले. आता मागाहून कायदा करून तो भरवसा काढून घेता येणार नाही. कर बसवा आणि देणे द्या. आम्हाला हा निकाल सरळ वाटतो. उसने घेताना एक बोली आणि फेडताना दुसरी, असे गावातही कोणी चालवून घेत नाही.

पण हुकूम निघाला म्हणून पैसा मिळतोच असे नाही. वॉटरटाउन गावी कोर्टाचा हुकूम येतोय असे कळले, की पंच राजीनामे देऊन मोकळे होत. हुकूम बजावायचा कोणावर? नवे पंच आले, त्यांनीही तेच केले. मिसुरी राज्यात सेंट क्लेअर म्हणून एक परगणा आहे. तिथे तर रेल्वे झालीच नाही. रूळ नाही, गाडी नाही, कर्ज मात्र डोक्यावर! लोक हट्टाला पेटले. परगण्याचे कारभारी रानात लपले, तुरुंगात गेले, पण कर बसवायला तयार होईनात. हा तंटा कित्येक वर्षे चालला. इथे कोणाची कीव करावी हा प्रश्नच आहे. लोक फसले होते हे खरे. पण रोखे घेणाऱ्यानेही घामाचे पैसे दिले होते.

तुम्ही विचाराल, मग कोर्टाने आपणच माणूस पाठवून घरोघर पट्टी का नाही गोळा केली? वॉटरटाउनच्या सावकाराने नेमके हेच मागितले. कोर्टाने नकार दिला. कर बसवणे हे लोकांनी निवडलेल्यांचे काम. कोर्ट हुकूम देईल, पण कर बसवणार नाही, असे ठरले.

आपल्याकडे काय? नगरपालिकांच्या कर्जासाठी १९१४ चा कायदा आहे. कर्ज थकले आणि सावकाराने अर्ज केला, तर ज्या उत्पन्नाच्या तारणावर कर्ज काढले त्यावर सरकार टाच आणते. मग सरकारने नेमलेला अंमलदारच तो पैसा हाताळतो. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावता येत नाही. शिवाय हायकोर्ट परमादेश काढू शकते. परमादेश म्हणजे ‘कायद्याने तुमच्यावर असलेले काम करा’ असा हुकूम. घटनेच्या २२६ व्या कलमात तो अधिकार आहे.

‘पैसा नाही’ ही सबब आपल्या सुप्रीम कोर्टापुढेही आली. ती कर्जाबद्दल नव्हती, गटाराबद्दल होती. मध्य प्रदेशातल्या रतलामला एका वस्तीत उघडी गटारे, घाण, कारखान्याचे सांडपाणी. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला काम करायला सांगितले. नगरपालिका म्हणाली, तिजोरीत पैसे नाहीत. १९८० साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की हे कारण चालणार नाही. लोकांचे आरोग्य सांभाळणे हे नगरपालिकेचे पहिले काम आहे. पैसे कमी पडले तर सरकारकडे कर्ज किंवा अनुदान मागा.

आणि कर्जाचेच उदाहरण हवे तर ते खानदेशात आहे. जळगावच्या नगरपालिकेने घरकुलांसाठी आणि इतर योजनांसाठी हुडको या सरकारी कंपनीकडून मोठे कर्ज काढले. ते थकले. नगरपालिकेची महापालिका झाली, तरी देणे तसेच पुढे आले. प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे गेले आणि महापालिकेची बँकेतली खाती गोठवली गेली. खाते गोठले म्हणजे पगार, दिवाबत्ती, औषधफवारणी सगळेच अडते. ज्या बाईने आपली घरपट्टी वेळेवर भरली, तिच्या गल्लीतला दिवाही विझायची वेळ येते. शेवटी २०१९ साली राज्य सरकार मध्ये पडले आणि हुडकोचे देणे तडजोडीने भागवले. त्यातला वाटा महापालिकेने सरकारला हप्त्यांनी परत द्यायचा ठरला. हप्ते भरायचे, ते पुन्हा जळगावकरांच्या पट्टीतूनच.

तुमच्या गावात नळयोजनेसाठी कर्जाचा ठराव आला तर ग्रामसभेत विचारा: रक्कम किती, व्याज किती, हप्ता किती वर्षे आणि त्यासाठी घरपट्टी किती वाढणार? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला सांगा. आता वही वाचता येते, तेव्हा लिहिले की नाही हेही पाहता येईल.