लाइमचा कोर्स: पुरा करा, लांबवू नका

न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्सकडचे मराठी पालक उन्हाळ्यात हमखास विचारतात, ‘मुलाला लाइम झालाय, अँटिबायोटिक सुरू केलंय. आता आम्ही काय करायचं?’

पालकहो, आधी धीर धरा. खसखशीच्या दाण्याएवढ्या पिल्लू-गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा आजार वेळेवर औषध मिळालं की बहुतेक मुलांमध्ये पूर्ण बरा होतो. अंगावर नुसता लाल चट्टा असेल तर औषध साधारण 10 ते 14 दिवस चालतं, सांधा सुजला असेल तर 28 दिवस. चट्टा दोन-चार दिवसांत फिकटला, तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल, तर ते दिवसातून दोनदा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर द्या. ते अन्ननलिकेत अडकलं तर तिथे जखम होते, म्हणून गिळल्यावर अर्धा तास तरी मुलाला आडवं होऊ देऊ नका. रात्रीचा डोस झोपताना नको, जेवणानंतर लगेच द्या. दुधाबरोबर औषध द्यायची आपल्याकडची सवय इथे टाळा, दुधामुळे ते थोडं कमी शोषलं जातं. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड किमान दोन तास लांब ठेवा. त्वचा उन्हाने लवकर भाजते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन हवंच. दात पिवळे पडतील ही भीती मात्र सोडा. 21 दिवसांपर्यंतचा कोर्स कोणत्याही वयात देता येतो, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते.

त्याऐवजी अमॉक्सिसिलिन दिलं असेल, तर ते दिवसातून तीनदा असतं आणि शाळेच्या दिवशी नेमका दुपारचा डोस राहतो. डॉक्टरांची चिठ्ठी शाळेच्या नर्सकडे आधीच देऊन ठेवा. पातळ औषधाची बाटली दर वेळी नीट हलवा, डोस चमच्याने नव्हे, सिरिंजने मोजा. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका. दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

पहिल्या 24 तासांत ताप, हुडहुडी, अंगदुखी वाढू शकते. मरणाऱ्या जंतूंमुळे असं होतं आणि दिवसभरात ओसरतं. पण अंगावर गांधी उठल्या, शौचातून रक्त पडलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा डोकेदुखीबरोबर मान ताठली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर थेट 911.

कोर्स संपल्यावरही काही मुलांना काही आठवडे थकवा, सांधेदुखी राहते. ‘अजून थोडे दिवस औषध देऊ या’ हा मोह तिथे आवरा. लांबवलेल्या अँटिबायोटिकचा अशा तक्रारींवर उपयोग होत नाही, त्रास मात्र होतो, असं काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत दिसलं आहे. बरं झाल्याची खात्री म्हणून रक्ततपासणीही पुन्हा करू नका, ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते. मूल खातंय का, खेळतंय का, झोपतंय का, हे पाहा आणि तक्रार टिकली तर डॉक्टरांना दाखवा.

लाइम एकाचा दुसऱ्याला लागत नाही, भावंडांना वेगळं ठेवू नका. पण तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून मूल बाहेरून खेळून आलं की केसांत, कानांमागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे रोज बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढा.